काटेवाल्याचं बिनआवाजाचं यंत्र

माझ्या दाजींना खोटं बोलता येत नाही, आणि हा काही फार मोठा गुण आहे असं मी मानत नाही. लग्नाआधी ताईनं त्यांना लाडात विचारलं होतं, "मी जाड दिसते का हो?" दुसऱ्या कुणी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. यांनी तिला वर्कशॉपमधल्या काट्यावर उभं केलं, आकडा स्थिर होईपर्यंत हलू दिलं नाही आणि ग्रॅमपर्यंत वजन वाचून दाखवलं. तरी ताईनं त्यांच्याशीच लग्न केलं. मी विचारलं तर म्हणाली, "याला काहीही विचारलं तरी खरंच कळेल, एवढी तरी खात्री आहे."

दाजी वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले, टपाल कचेरीतले. काम ठरलेलं. काटा उघडायचा, आतली धूळ आणि झुरळं काढायची, पेटीतली प्रमाण वजनं ठेवून तीन वेळा मोजायचं. तिन्ही वेळा आकडा तोच आला की स्क्रूवर लाल लाखेचं सील. एकदा सील लागलं की वर्षभर त्या काट्याकडे बघायचं नाही. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी सील फोडायचं नाही, कारण रोज उठून शंका काढत बसलं तर बाजारात व्यवहारच व्हायचे नाहीत, असं ते म्हणायचे. तीस वर्षं हेच केलं. माणूस असा घडला की त्याच्या डोक्यावरही कुठेतरी ते लाल सील असावं अशी मी ताईची थट्टा करायचे.

मग ताईच्या हातातून वस्तू निसटायला लागल्या. आधी कप, मग किल्ल्या, मग चालता चालता ती स्वतःच. नसांचा आजार निघाला. एकेक स्नायू कामातून जातो, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. औषध नाही. डॉक्टर म्हणाले, "जपा." मी स्वतः एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, वीस वर्षं लोकांच्या रक्ताच्या नळ्या यंत्राला लावतेय, आणि हा 'जपा' शब्द कधी वापरतात ते मला चांगलं ठाऊक आहे. दाजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि खरोखरच जपायला लागले.

दोन वर्षांत ताई पलंगाला खिळली. आवाज गेला. बोलण्यासाठी आम्ही पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली. ओळीवर बोट फिरवायचं, हवी ती ओळ आली की ती डोळे मिटायची, मग त्या ओळीतलं अक्षर. एक वाक्य जुळवायला दहा मिनिटं. जिच्या तोंडाचा पट्टा बंद करायला शाळेत तिला बाकावर उभं करायचे, तिच्यासाठी हे काय होतं ते मी सांगायला नको.

आता आग कुणी लावली म्हणाल, तर मीच. एका गुरुवारी, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी त्यांच्याकडे गेले होते. दाजी भिंतीकडे बघत बसलेले, ताई छताकडे. ती शांतता सहन होईना म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेले. कुठलंसं विद्यापीठ ताईच्याच आजारावर काम करतंय. शरीरातलं एक प्रथिन चुकीचं दुमडलं जातं, ते कसं आणि का, याचं गणित सोडवायचंय. गणित एवढं अवाढव्य की एका कॉम्प्युटरला काही जन्म पुरायचे नाहीत. म्हणून त्याचे बारीक तुकडे करून जगभरातल्या लोकांच्या घरी पाठवतात. घरातला कॉम्प्युटर आपला तुकडा सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो.

दाजींनी भिंतीवरची नजर काढली. "आपल्याला देतील?"

"कुणालाही देतात. पण तुमच्याकडे कॉम्प्युटर कुठाय?"

"बनवू."

आणि बनवला. त्यात काय काय नव्हतं ते सांगणं सोपं आहे. पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता, पेटी नव्हती, हार्डडिस्क नव्हती. एका बंद पडलेल्या कचेरीच्या भंगारातून मदरबोर्ड आणि प्रोसेसर आणला आणि जुन्या कपाटाच्या फळीवर चार स्क्रूंनी बसवला. रॅमची एकच पट्टी. सगळी प्रणाली एका पेनड्राइव्हवर. बटणसुद्धा नव्हतं, दोन तारा एकमेकींना टेकवल्या की ते सुरू व्हायचं. "गणित करायला जेवढं लागतं तेवढंच," दाजी म्हणाले, "बाकी सगळी सजावट." विद्यापीठाच्या पानावर नाव नोंदवायचं, पहिला तुकडा मागवायचा, हे मी माझ्या मोबाइलवरून करून दिलं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा दाजी त्याच्याकडे असे बघत होते की मला हसू आवरेना.

घोडं अडलं ते पंख्यापाशी. भंगारातला तो पंखा चोवीस तास घोंघावायचा. घर दोन खोल्यांचं, मध्ये प्लायवूडची भिंत. आपल्याला असा आवाज नको असेल तर आपण कूस बदलतो, उशी कानावर घेतो. ताईला यातलं काही शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ असणाऱ्या मावशींनी सांगितलं, "काल दुपारपासून डोळ्याला डोळा नाही बाईंच्या."

दाजींनी तासाभरात पंखा काढून टाकला. प्रोसेसरवर एका मोडीत निघालेल्या काट्याचं ॲल्युमिनियमचं जाड तबक बसवलं, म्हणजे उष्णता त्यात पसरेल. तरीही ते तापायचं, म्हणून प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज थोडं उतरवलं. कमी वीज, कमी उष्णता, आवाज शून्य. मग आपल्या धंद्याच्या रीतीनं त्याला एक ठरावीक गणित घातलं, तीन वेळा. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. दाजींनी लाखेची कांडी तापवली आणि त्या तबकाच्या स्क्रूवर लाल सील ठोकलं.

त्या दुपारी ताई चार तास झोपली. दाजी मला फोनवर म्हणाले, "छोटे, सुईच्या टाचणीचा आवाज येत नाही." सुई आणि टाचणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मी त्यांना सांगितलं नाही. इतका आनंदी आवाज मी त्यांच्या तोंडून दोन वर्षांत ऐकला नव्हता.

पुढचे अकरा महिने मला त्या माणसाबद्दल खरोखरच आदर वाटला, हे कबूल करते. एक तुकडा सुटायला साधारण दोन दिवस लागायचे. उत्तर गेलं की दाजींच्या मोबाइलवरचा 'पाठवले' पुढचा आकडा एकानं वाढायचा. कामावरून आले की दाजी आधी आतल्या खोलीत जायचे, तबकाला पालथा हात लावून उष्णता बघायचे, मग ताईला येऊन सांगायचे, "चाळीस झाले." "एकोणनव्वद झाले." संध्याकाळभर ते तिथेच असायचे. तारांवरची धूळ ब्रशनं झटकायची, पेनड्राइव्ह नीट बसलाय ना बघायचं, फळी भिंतीपासून बोटभर पुढे, बोटभर मागे. एवढ्याशा यंत्रात बघण्यासारखं किती असणार? पण त्यांना रोज काहीतरी सापडायचं.

एकदा मी पुठ्ठा धरून बसले होते. ताईनं डोळे मिटून तीन अक्षरं दिली. स, व, त. मी दचकलेच. ताईनं आतल्या खोलीकडे नजर वळवली आणि मला कळलं. मी पोट धरून हसले. दाजी बाहेर आले, "काय झालं?" मी म्हटलं, "तुमचं लफडं उघडकीला आलंय." तेही हसले. ताईला हसता येत नव्हतं, पण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं असावं, असं मी तेव्हा धरून चालले.

एकशे अठ्ठावन्न तुकडे झाले तेव्हा दाजींना कुठूनसं कळलं की विद्यापीठ प्रमाणपत्र देतं. आपल्या खात्यातून छापून घ्यायचं, बस्स. ते ताईच्या पलंगासमोर लावायचं त्यांच्या मनात होतं. "तिला दिवसभर ते छत बघावं लागतं," म्हणाले, "समोर काहीतरी लागू दे. या घरातून काय गेलं ते." त्यांना इंग्रजीचा कंटाळा, म्हणून काम माझ्याकडे आलं.

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी खातं उघडलं. प्रमाणपत्राचं बटण दाबलं. तिथे लिहून आलं की या खात्यावर एकही मान्य उत्तर नाही, त्यामुळे प्रमाणपत्र देता येत नाही. मला वाटलं, मी चुकीचं पान उघडलं. पुन्हा उघडलं. मग सगळी यादी काढली. एकेका तुकड्यासमोर शेवटच्या रकान्यात एकच शब्द. अमान्य. खाली सरकवत गेले, हात थांबेना. अमान्य, अमान्य, अमान्य. एकशे अठ्ठावन्न वेळा.

कारण समजायला मला फार वेळ लागला नाही, माझा धंदाच तो आहे. आमच्याकडे निकालाबद्दल शंका आली की तोच नमुना दुसऱ्या यंत्रावर लावतात. विद्यापीठ तर प्रत्येक तुकडा आधीपासूनच दोन घरी पाठवत होतं. दोन उत्तरं जुळली तर मान्य. नाही जुळली तर तिसऱ्या घरी. आणि दर वेळी ती दोन घरं एका बाजूला पडत होती आणि आमचं एकटं दुसऱ्या बाजूला. खालीच बारीक अक्षरांत सल्ला लिहिला होता. उत्तरं वारंवार चुकत असतील तर प्रोसेसरची उष्णता आणि व्होल्टेज तपासा. असं यंत्र बंद पडत नाही, फक्त चुकतं.

दाजींनी तीन वेळा तपासलं होतं ते गार असताना, दहा-दहा मिनिटं. तासाभरानं ते यंत्र तापायचं आणि कमी विजेवर कुठेतरी एखादा आकडा घसरायचा. मग सील लागलं. मग वर्षभर बघायचं नाही.

मी ठरवलं, सांगायचं नाही. हा ठराव चार दिवस टिकला. रोज दाजींचा फोन, "छापलं का?" एकदा प्रिंटरची शाई संपली, एकदा वीज गेली, एकदा कागद चांगला नव्हता. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "छोटे, मी येतो, मी प्रिंटर दुरुस्त करून देतो." आता काय करणार? गुरुवारी गेले आणि आतल्या खोलीत, दार लोटून, त्यांच्यासमोर यादी ठेवली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तबकाला पालथा हात लावला. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. फेरतपासणी करणारच होतो मी."

"दाजी, तुमची काही चूक नाही."

"चूक नाही?" ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे आपलं उत्तर चुकलं की ते तिसऱ्याकडे पाठवायचे?"

"हो."

"एकशे अठ्ठावन्न वेळा?"

मी यादी उचलून घेतली.

"म्हणजे काही केलं नाही असंसुद्धा नाही. मी त्यांचं काम वाढवलं. कुणीतरी दुसरं खरं काम करू शकला असता, तो माझं निस्तरत बसला."

मी म्हटलं, "ताईला सांगू नका." आणि मी कुणाला काय सांगतेय हे बोलताक्षणी मला कळलं. दाजी सरळ बाहेर गेले, पलंगाशी उभे राहिले आणि वजन वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणाले, "एकही झालेला नाही. सगळे चुकले. पंखा काढला त्यामुळे."

ताईनं पुठ्ठ्याकडे बघितलं. मी ओळींवर बोट फिरवायला लागले. तिचा श्वास तेव्हा आधीच अपुरा पडत होता, प्रत्येक अक्षराला ती थांबायची. दाजी अक्षरं जुळवत उभे. मला वाटलं होतं, राहू दे म्हणेल, किंवा एखादी थट्टा करेल. तिनं जुळवलं, 'इथे बसा.'

दाजी बसले. मी विजेची तार ओढून यंत्र बंद केलं आणि लॅबमध्ये आठवड्याची रजा टाकली. घरात खरोखरच आवाज उरला नव्हता. दाजी खुर्चीत, हात मांड्यांवर. अकरा महिने त्यांनी तिच्याशी तुकड्यांशिवाय दुसरं काही बोलणं केलं नव्हतं, आता बोलायचं काय? ते तिच्या चादरीची घडी नीट करायचे. पाण्याचा पेला उजवीकडून डावीकडे ठेवायचे. तिच्या मनगटाकडे नजर गेली की झटकन दुसरीकडे बघायचे. ते मनगट आता माझ्या दोन बोटांत मावत होतं. ताई मात्र त्यांच्यावरून नजर काढत नव्हती. दोन दिवस ती इतकी बघत होती की मलाच बाहेर जावंसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी दाजी नवा पंखा घेऊन आले.

मी आतल्या खोलीत गेले तर सील फोडून झालं होतं. लाखेचा चुरा फळीवर पडलेला. "काय चाललंय?" मी विचारलं.

"व्होल्टेज पूर्ववत केलंय. एक तरी बरोबर जाऊ दे. तिच्या देखत."

"अहो, तिनं तुम्हाला तिथे बसायला सांगितलंय!"

"बसलो की दोन दिवस."

"मग आणा हे इकडे, मी घरी नेते. माझ्या घरी लावू, घोंघावू दे काय घोंघावायचं ते."

"तुझ्या घरातून नको. या घरातून जायला हवा." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला तिच्याकडे बघवत नाही गं. मी तिथे बसतो आणि रोज ती थोडी कमी होते. मला दिसतं ते. माझी नजरच तशी आहे, मी काय करू?"

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. संताप आला. ती तिकडे गुदमरतेय, आणि या माणसाला स्वतःची नजर सोसवत नाही! मी तोंडाला येईल ते बोलले. पळपुटे म्हटलं, भित्रे म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पंख्याचे स्क्रू पिळत राहिले. आणि खरं सांगायचं तर मी तरी वर्षभर काय केलं होतं? आठवड्यातून एकदा, गुरुवारी, येऊन जात होते. बाकीचे सहा दिवस मी लॅबमध्ये अनोळखी लोकांचं रक्त मोजत होते, आणि मला ते बरं वाटत होतं.

पंखा सुरू झाला. नवा होता तरी आवाज यायचाच. त्या वेळी आलेला तुकडा नेमका मोठा निघाला, पाच दिवसांचा. पहिल्या दिवशी मी पुठ्ठा घेऊन ताईला विचारलं, बंद करायला सांगू का? तिनं बराच वेळ कुठल्याच ओळीवर डोळे मिटले नाहीत. मग 'राहू दे' एवढंच जुळवलं. त्यानंतर तिनं पुठ्ठ्याकडे पाहिलं नाही. तिला झोप लागत नव्हती हे मला आणि मावशींना दिसत होतं. दाजी विचारायचे, "लागतोय ना डोळा?" मावशी म्हणायच्या, "लागतो अधूनमधून." मावशींना खोटं बोलता येत होतं, बरं झालं.

पाचव्या दिवशी सकाळपासून श्वास खालीवर व्हायला लागला. डॉक्टर येऊन गेले, आता दवाखान्यात हलवण्यात अर्थ नाही म्हणाले. मावशी ऑक्सिजनचं नळकांडं बदलून आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. दाजी दर पाच मिनिटांनी आतबाहेर करत होते. पलंगाशी येऊन उभे राहायचे, तिच्या कपाळावर हात ठेवायचे, तिच्या डोळ्यांत जरा बघायचे आणि "आलोच" म्हणून जायचे. तुकडा शेवटाला आला होता. आता यंत्र तापू नये म्हणून ते वर्तमानपत्रानं त्याला वारा घालत होते. मला इकडे ते वर्तमानपत्र ऐकू येत होतं. मी हाक मारली. "दाजी, इकडे या." पंख्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असेल. मी ताईचा हात सोडून उठू शकत नव्हते. पुन्हा हाक मारली. ताईचे डोळे आतल्या दाराकडे लागले होते, सताड उघडे, आणि मी तिला सांगत होते की ते येतायत, ताई, आलेच बघ ते. मग श्वास बाहेर गेला आणि परत आत आला नाही. मी थोडा वेळ थांबले, कारण आधीही असं दोनदा झालं होतं. नंतर तिचे डोळे हातानं मिटले.

दाजी मोबाइल घेऊन बाहेर आले. "झाला," म्हणाले. "मान्य झाला. एक." माझ्याकडे बघून ते थांबले. मग पलंगाकडे बघितलं, आणि या वेळी नजर काढली नाही. मोबाइलचा उजेड आपोआप मालवला. आत तो पंखा चालूच होता, पुढचा तुकडा आला असणार.

"झोपेत गेली ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "गाढ झोपेत."